रेखाटलेल्या देहातला ‘मी’

कालचा माणूस आणि आजचा माणूस एकच आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे, हा तत्त्वज्ञानातील अतिशय जुना आणि आजही न सुटलेला प्रश्न आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन या भिक्षूने राजा मिलिंदापुढे रथाचा दृष्टांत ठेवला आहे: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे, आणि हे सारे भाग वजा केले तर रथ म्हणून निराळे काही उरत नाही, मग ‘नागसेन’ या नावाने ओळखला जाणारा माणूस तरी त्याच्या घटकांपलीकडे कोठे आहे? युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने माणसाची ओळख देहावर नव्हे, तर स्मृतीच्या सलगपणावर उभी असते असे मांडले, आणि एखाद्या राजपुत्राच्या आठवणी मोच्याच्या देहात शिरल्या तर तो माणूस कोण ठरेल, असे विचारले. परकायाप्रवेशाच्या कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न अनोळखी वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून मात्र हाच प्रश्न संगणक, कृत्रिम अवयव आणि माहितीचे जाळे यांच्या संदर्भात नव्याने विचारण्याचे काम ज्या माध्यमांनी चिकाटीने केले, त्यांत जपानी ॲनिमेचे स्थान फार वरचे आहे.

ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार झालेला, रेखाटलेल्या चित्रांचा चलच्चित्रपट किंवा मालिका. त्यात बालकथांपासून प्रौढांसाठीच्या गंभीर नाट्यापर्यंत सर्व प्रकार येतात. महाराष्ट्रातील घराघरांत 1990च्या दशकात दूरदर्शनवर पाहिली गेलेली मोगलीची ‘जंगल बुक’ ही मालिकाही मुळात जपानी ॲनिमेच होती, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते. ‘कार्टून म्हणजे मुलांसाठी’ हा समज आपल्याकडे पक्का असल्याने प्रौढांसाठीच्या ॲनिमेकडे जाणत्या वाचकाची पाठ राहिली. त्यात नुकसान वाचकाचेच झाले, कारण माणसाच्या ओळखीचा प्रश्न हाताळण्यासाठी या माध्यमाकडे एक अशी सोय आहे जी कथा-कादंबरीकडे नाही आणि नटांच्या चित्रपटाकडेही नाही. पडद्यावरील नटाला कॅमेऱ्यापुढे एक सलग, खराखुरा देह असतो. रेखाटलेल्या पात्राला असा देहच नसतो. त्याचा चेहरा अनेक चित्रकारांच्या हातून उतरतो, आवाज भलत्याच व्यक्तीचा असतो, आणि दोन चित्रांच्या मधल्या फटीत ते पात्र कोठेही नसते. तरीही प्रेक्षक त्या सगळ्याला एकच माणूस मानतो, त्याच्यासाठी हळहळतो. नागसेनाचा रथ येथे प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत, प्रत्येक चौकटीत, जोडला जात असतो. या प्रकारातील उत्तम कलाकृती आपल्या माध्यमाचा हा गुण पुरेपूर वापरतात, आणि ज्या केवळ पात्रांच्या तोंडी जड वाक्ये घालतात त्या मागे पडतात. शिफारस करताना येथे हीच कसोटी धरली आहे.

ही परंपरा पहिल्यापासून या प्रश्नाशी बांधलेली आहे. ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’, म्हणजे इतरत्र ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने गाजलेली मालिका 1 जानेवारी 1963 रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्या मुळाशी असलेली घटना अशी, की अपघातात मुलगा गमावलेला एक शास्त्रज्ञ त्या मुलाचा हुबेहूब यंत्रमानव तयार करतो, आणि हा मुलगा वाढत नाही हे लक्षात आल्यावर त्याला टाकून देतो. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा आणि पैसा तर तुटपुंजा, म्हणून तेझुकांच्या चमूने चित्रांची संख्या कमी केली. देह स्थिर ठेवून केवळ ओठ हलवायचे, एकदा काढलेले चित्र पुन्हा वापरायचे, दृश्य थांबवून आवाजावर प्रसंग पेलायचा, अशा युक्त्या रूढ झाल्या. काटकसरीतून आलेली ही स्थिरता पुढच्या पिढीने विचाराला जागा देण्यासाठी वापरली.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने आरंभ मामोरू ओशी यांच्या ‘घोस्ट इन द शेल’ (1995) या चित्रपटापासून करावा. मासामुने शिरो यांच्या चित्रकथेवर आधारलेला हा चित्रपट दीड तासाहूनही कमी लांबीचा आहे, पण त्याची घनता मोठ्या कादंबरीची आहे. कथा 2029 सालातील आहे. माणसांनी मेंदू थेट माहितीच्या जाळ्याला जोडून घेतले आहेत, आणि मोतोको कुसानागी या पोलीस अधिकारी स्त्रीच्या मूळ शरीरापैकी मेंदूचा थोडासा अंश तेवढा शिल्लक आहे. बाकी सर्व देह कारखान्यात घडलेला आहे. कथेच्या परिभाषेत ‘शेल’ म्हणजे हे बाह्य कवच आणि ‘घोस्ट’ म्हणजे त्यात वसणारी जाणीव. जाळ्यात शिरून इतरांच्या मेंदूवर ताबा मिळवणाऱ्या एका अज्ञात गुन्हेगाराचा शोध, एवढेच वरवरचे कथानक आहे. पण चित्रपटाचा गाभा एका कचरागाडीवरील कामगाराच्या प्रसंगात आहे. बायकोशी बेबनाव झाला आहे, मुलीची भेट होत नाही, म्हणून तो कोणाच्या तरी सांगण्यावरून बायकोच्या मेंदूत डोकावण्याची खटपट करीत असतो. पकडला गेल्यावर त्याला कळते, की त्याला बायको नाही, मुलगी नाही, तो वर्षानुवर्षे एकटाच राहत आला आहे. मुलीचा म्हणून जो फोटो तो इतरांना दाखवत होता त्यात तो स्वतःच आहे. या आठवणी पुसता येतील का, असे तो विचारतो, आणि त्याची खात्री देता येत नाही असे उत्तर मिळते. काचेपलीकडून मोतोको हे पाहते. स्मृती हाच ओळखीचा पाया मानावा तर लॉकच्या विवेचनाची दारुण परिणती समोर उभी राहते: हा मनुष्य एका न घडलेल्या आयुष्याचा वारस आहे, आणि त्याचे दुःख मात्र खरे आहे.

यानंतर ओशी यांनी जे केले ते धाडसाचे आहे. कथानक ऐन रंगात आलेले असताना ते थांबते, आणि कितीतरी वेळ पडद्यावर एकही संवाद होत नाही. हाँगकाँगवरून बेतलेल्या शहरातील कालवे, पाऊस, दुकानांचे फलक, डोक्यावरून जाणारे विमान, आणि केंजी कावाई यांचे संथ, समूहस्वरांचे संगीत. कालव्यातून जाणाऱ्या मोतोकोला एका उपाहारगृहाच्या काचेआड हुबेहूब आपल्याच चेहऱ्याची स्त्री बसलेली दिसते. तिचा देह एका साच्यातून निघालेला असल्याने तो दुसऱ्या कोणाकडेही असू शकतो, हे सांगण्यासाठी एका शब्दाचीही गरज पडत नाही. पुढे जो गुन्हेगार समोर येतो तो मुळी मनुष्यच नाही. तो जाळ्यात आपोआप जाणता झालेला एक प्रोग्राम आहे, आणि तो सजीव म्हणून राजकीय आश्रय मागतो. मनुष्याची जनुकेसुद्धा स्वतःला टिकवण्यासाठी रचलेला आज्ञासंचच आहेत, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याला अमरत्व नको आहे. प्रती काढणे म्हणजे प्रजनन नव्हे, कारण प्रतींत वैविध्य नसते, म्हणून त्याला मोतोकोशी एकरूप होऊन मरणाची आणि संततीची शक्यता हवी आहे. यंत्राने माणूस होण्याची आस धरल्याच्या कथा पुष्कळ आहेत, परंतु सजीवपणाची खूण म्हणून यंत्र मरण मागते, ही कल्पना अजूनही ताजी आहे. ज्यांना हा चित्रपट भावेल त्यांनी ओशी यांचाच ‘इनोसन्स’ (2004) आणि केंजी कामियामा दिग्दर्शित ‘स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ (2002) ही मालिका पाहावी. चित्रपटातील मूकपणा मालिकेत नाही, पण समाज आणि राजकारण यांचा विस्तार अधिक आहे.

‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ (1998) ही तेरा भागांची मालिका याच प्रश्नाला उलट बाजूने भिडते. र्‍युतारो नाकामुरा यांचे दिग्दर्शन आणि चिआकी कोनाका यांचे लेखन असलेल्या या मालिकेची नायिका लेन इवाकुरा ही अबोल शाळकरी मुलगी आहे. तिच्या शाळेतील एका मुलीने आत्महत्या केली आहे, आणि तिच्याकडून वर्गमैत्रिणींना ई-मेल येऊ लागतात: तिने केवळ देह टाकून दिला, ती अजून आहे. वडिलांनी आणलेल्या नव्या संगणकावरून लेन ‘वायर्ड’ नावाच्या जाळ्यात शिरते, तर तेथे आपल्याच नावाची, धीट आणि काहीशी क्रूर अशी दुसरी लेन आधीच वावरते आहे असे तिला कळते. इंटरनेट अजून बहुतेक घरांत पोहोचलेही नव्हते त्या काळात ही कथा लिहिली गेली, आणि माणसाची जाळ्यातील प्रतिमा त्याच्यावाचून जगू लागते, अफवा पसरवते, त्याच्या मैत्रिणीला दुखावते, हे तिने दाखवले, याचे आज अधिकच नवल वाटते. मालिकेचे चित्रणही या विचाराला धरून आहे. विजेच्या तारांचा गुणगुणाट सतत कानी पडतो. भर उन्हात पडलेल्या सावल्या काळ्या नसून त्यांत रंगीत ठिपके आहेत, जणू जमिनीखाली दुसरेच काही पसरलेले आहे. इतरांच्या आठवणीत असणे हेच अस्तित्व, तर जिला सगळे विसरले ती कोण, हा प्रश्न मालिका शेवटपर्यंत सोडत नाही. शेवटाजवळ अरिसु ही मैत्रीण यंत्रांच्या जंजाळात बसलेल्या लेनचा हात धरून आपल्या छातीवर ठेवते आणि घाबरून वेगाने धडधडणारे हृदय तिला जाणवू देते. देह ही कालबाह्य वस्तू आहे, असे सांगणाऱ्या सर्व युक्तिवादांना मालिकेने दिलेले उत्तर एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

मासाआकी युआसा यांची ‘काइबा’ (2008) ही बारा भागांची मालिका या यादीत सर्वांत कमी पाहिली गेलेली आणि सर्वांत अधिक पाहण्याजोगी आहे. येथील जगात आठवणी एका लहानशा चिपमध्ये साठवता येतात, आणि देह विकता आणि विकत घेता येतात. श्रीमंतांना देखणे देह मिळतात, गरिबांवर स्वतःचा देह विकण्याची पाळी येते. श्रीमंत आणि गरीब यांच्या वस्त्यांमध्ये एक ढगांचा थर आहे आणि त्यातून जाणाऱ्याची स्मृती पुसली जाते. वर्गभेदाची इतकी नेमकी प्रतिमा विज्ञानकथेत क्वचितच आढळते. नायक जागा होतो तेव्हा त्याच्या छातीला आरपार भोक आहे आणि जवळ एका स्त्रीचे चित्र आहे. तो कोण हे त्याला माहीत नाही. पुढे तो एका देहातून दुसऱ्या देहात जात राहतो. तिसऱ्या भागात क्रोनिको नावाची मुलगी मावशीच्या घराची ओढाताण पाहून स्वतःचा देह विकते, आणि त्या मावशीच्या आठवणींत शिरल्यावर नायकाला जे दिसते ते पाहिल्यानंतर त्या बाईला निष्ठुर म्हणणे प्रेक्षकाला जमत नाही. पात्रे गोलमटोल, तेझुकांच्या जुन्या चित्रांची आठवण देणारी आहेत. त्यामुळे प्रथमदर्शनी ही मालिका मुलांची वाटते. पण देह सतत बदलणारे हे कथानक नटांना घेऊन करायचे म्हटले असते तर प्रेक्षकाचे लक्ष प्रत्येक वेळी नव्या चेहऱ्यावर खिळले असते, आणि येथे साधी रेषाच देह किती सहज बदलता येतो हे पटवून देते.

हिदेआकी आन्नो यांच्या ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलिऑन’ (1995-96) या सव्वीस भागांच्या मालिकेविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे थोडक्यात आटोपणे योग्य. राक्षसी यंत्रांत बसून लढणारी चौदा वर्षांची मुले, हे तिचे बाह्यरूप. खरा विषय माणसामाणसांतील अंतर हा आहे. थंडीने कुडकुडणारी साळिंदरे उबेसाठी जवळ येतात आणि एकमेकांच्या काट्यांनी जखमी होतात, हे शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाचे रूपक चौथ्या भागाच्या शीर्षकातच आले आहे. सर्व मने विरघळवून एक केली तर एकाकीपणा संपेल, पण मग ‘तू’ म्हणायला कोणी उरेल का, हा तिचा अंतिम पेच आहे. चोविसाव्या भागात नायक शिंजी याच्या यंत्राच्या मुठीत त्याचा मित्र आहे, त्याला मारायचे की नाही हे ठरवायचे आहे, आणि जवळजवळ मिनिटभर पडद्यावर ते एकच स्थिर चित्र राहते. मागे बीथोव्हेनची नववी सिंफनी चालू असते. तेझुकांची काटकसर येथे असह्य ताण बनते. शेवटच्या दोन भागांनी अनेक प्रेक्षकांना गोंधळात टाकले, आणि 1997 साली ‘द एंड ऑफ इव्हँगेलिऑन’ हा निराळा शेवट असलेला चित्रपट आला. दोन्ही पाहावेत. पहिल्या शेवटाची हेटाळणी करण्याची रीत पडली आहे, परंतु मनाच्या आतील युक्तिवाद म्हणून तोच अधिक प्रामाणिक आहे.

समाज आणि नीती यांच्या अंगाने विचार करणाऱ्यांसाठी ‘शिनसेकाई योरी’ (2012-13), म्हणजे ‘नव्या जगातून’, ही पंचवीस भागांची मालिका आहे. युसुके किशी यांच्या 2008च्या कादंबरीवर ती बेतलेली आहे. हजार वर्षांनंतरच्या जपानमध्ये वीजवाहिन्यांचे जाळे नाही, शेते आहेत, कालवे आहेत, आणि प्रत्येक माणसाला मनोबळाने वस्तू हलवण्याची शक्ती आहे. संध्याकाळी ध्वनिवर्धकावरून ड्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतील धून लागते आणि मुले घरी परततात. ही शांती कशी टिकवली आहे, हे मालिका अतिशय सावकाश उघड करते. ज्याच्या एका विचाराने गाव भस्म होऊ शकते अशा माणसांनी एकत्र राहायचे, तर दुसऱ्या माणसाचा जीव घेताच घेणाऱ्याचाच प्राण जाईल अशी यंत्रणा शरीरातच बसवावी लागते. तरीही धोका वाटणारी मुले वर्गातून नाहीशी होतात, आणि मागे राहिलेल्या मुलांच्या आठवणींतून ती पुसली जातात. साकी या नायिकेला एक मित्र होता एवढे जाणवते, पण त्याचा चेहरा आठवत नाही, नाव ओठांवर येत नाही. येथे स्मृतीवर हात चालवणारे कोणी खलनायक नाहीत. ते भेदरलेले, कर्तव्यदक्ष वडीलधारे आहेत, आणि म्हणूनच ही कथा अधिक अस्वस्थ करते. माणसांची सेवा करणारे, बोलणारे, उंदरासारखे जीव या समाजाच्या तळाशी आहेत, माणसांना ते देव म्हणतात, आणि आज्ञा मोडली तर त्यांच्या वसाहतीच्या वसाहती नष्ट केल्या जातात. त्यांच्याविषयीचे अंतिम सत्य येथे सांगणे म्हणजे वाचकावर अन्याय करणे होईल. ‘माणूस’ ही व्याख्या कोण करतो आणि ती कोणाच्या सोयीची असते, यावर गेल्या दोन दशकांत इतके धारदार लेखन पडद्यासाठी झालेले फारसे आढळत नाही. चित्रांचा दर्जा मधल्या काही भागांत घसरतो, हे मान्य करूनही हे मत बदलत नाही.

याच जातीचा, पण अधिक वेगवान अनुभव ‘सायको-पास’ (2012) देते. तेथे प्रत्येक नागरिकाच्या मनाची गुन्ह्याकडे असलेली ओढ आकड्यांत मोजली जाते आणि पोलिसांची बंदूक तो आकडा पाहूनच गोळी झाडायची की नाही हे ठरवते. पहिल्याच भागात अत्याचार सोसलेल्या स्त्रीचा आकडा भीतीने वाढतो आणि बंदूक तिलाच लक्ष्य ठरवते. नव्याने रुजू झालेली अधिकारी आकाने त्सुनेमोरी आपल्याच सहकाऱ्याला बेशुद्ध करून तिला वाचवते. पुढच्या पर्वांत हा पेच पातळ होतो, त्यामुळे पहिले पर्व पाहून थांबणे श्रेयस्कर. सातोशी कोन यांचा ‘पॅप्रिका’ (2006) हा यासुताका त्सुत्सुई यांच्या कादंबरीवरील चित्रपट इतरांच्या स्वप्नांत शिरण्याच्या यंत्राविषयी आहे, आणि स्वप्न व जाग यांमधील सीमा एका दृश्यातून दुसऱ्यात शिरण्याच्या क्षणी नाहीशी करण्यात कोन यांचा हात धरणारा दिग्दर्शक विरळा. ते 2010 साली अवघ्या 46व्या वर्षी गेले, ही या कलेची मोठी हानी झाली. ‘श्टाइन्स गेट’ (2011) मध्ये भूतकाळ बदलल्यावर पुसल्या गेलेल्या काळाची आठवण एकट्या नायकाजवळ उरते; पहिले अकरा भाग संथ वाटले तरी सोडू नयेत, कारण पुढची पडझड त्यांच्याच पायावर उभी आहे.

‘एर्गो प्रॉक्सी’ (2006) ही मालिका मात्र या प्रकारच्या याद्यांत जितकी वर असते तितकी असू नये. यंत्रांना आत्मभान देणारा ‘कोगिटो’ नावाचा विषाणू, बर्कली, हुसर्ल, लकान, देरिदा यांची नावे धारण करणारे पुतळे, अशी तिची सामग्री आहे. पण तत्त्वज्ञांची नावे घेणे आणि तत्त्वचिंतन करणे यांत फरक आहे, आणि तो येथे ठळकपणे जाणवतो. याच्या तुलनेत यासुहिरो योशिउरा यांची ‘टाइम ऑफ इव्ह’ (2008-09) ही सहा लहान भागांची मालिका किती कमी साधनांत किती काही करते! यंत्रमानवांच्या डोक्यावर ओळखीचे वर्तुळ असावे असा नियम असलेल्या शहरात एक उपाहारगृह आहे, आणि तेथे ते वर्तुळ मालवायचे, माणूस व यंत्र असा भेद करायचा नाही, एवढीच अट आहे. घरातील यंत्रमानव फावल्या वेळात येथे येतो हे नायकाला कळते, आणि समोर कॉफी पिणारी व्यक्ती कोण हे न कळता तिच्याशी कसे बोलायचे, हे त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही शिकावे लागते.

क्रमाविषयी सांगायचे तर ‘टाइम ऑफ इव्ह’ आणि ‘घोस्ट इन द शेल’ यांनी आरंभ करून ‘शिनसेकाई योरी’कडे जावे, आणि ‘लेन’ व ‘काइबा’ नंतरसाठी राखून ठेवाव्यात, कारण या दोन्ही कलाकृती प्रेक्षकाला काहीही समजावून सांगत नाहीत आणि संथ स्थिर दृश्यांची सवय नसलेला प्रेक्षक दुसऱ्याच भागात उठून जाण्याचा संभव असतो. मूळ जपानी आवाज आणि उपशीर्षके हीच जोडी निवडावी. रेखाटलेल्या पात्राला जो काही देह आहे तो मुख्यतः त्या आवाजात असतो. एका बैठकीत सगळी मालिका संपवण्यापेक्षा रोज एक किंवा दोन भाग पाहणे बरे, आणि अर्थ उलगडून सांगणारी स्पष्टीकरणे शेवटपर्यंत दूर ठेवावीत. यांतील बहुतेक कलाकृतींत हिंसा आहे, काहींत नग्नता आहे, आणि ‘लेन’ व ‘इव्हँगेलिऑन’ यांत आत्महत्या व नैराश्य हे विषय तपशिलाने येतात; म्हणून त्या मुलांसमोर सहज लावून देऊ नयेत, आणि किशोरवयीन मुले पाहणारच असतील तर घरातील एखाद्या मोठ्या माणसाने सोबत बसून पाहाव्यात.